आधी रेषा चालून बघा, मग दिशा लिहा

टेक्सासमधल्या जमिनींचे प्लॅट मी पुण्यात बसून काढते. या कामाला चौदा वर्षं झाली. दरवर्षी डिप्लोमा झालेली नवी मुलंमुली आमच्या टेबलाला येतात. ऑटोकॅडवर त्यांचा हात बसलेला असतो, तरी पहिल्या महिन्यात त्यांचे प्लॅट लाल खुणांनी भरून परत येतात, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त खुणा हद्दीच्या रेषांवर लिहिलेल्या दिशांवर असतात. त्यांना शेजारी बसवून जे सांगते, तेच इथे लिहिते आहे.

प्लॅट हा आपल्याकडच्या मोजणी नकाशाच्याच घरातला, पण त्याची रीत निराळी. माझे वडील भूकरमापक होते. शाळेच्या सुट्टीत मी त्यांच्याबरोबर बांधावर गेले आहे. त्यांच्याकडच्या जुन्या टिपणांवर तेहतीस फुटी साखळीची मापं असत, सोळा आण्यांत मोजलेली; मधून एक रेषा आणि तिच्या डाव्या-उजव्या अंगाला काढलेले लंब. बांध उत्तरेपासून किती अंश कललेला आहे ते त्यात नसे. खरेदीखतातली चतुःसीमा तर शेजारी सांगून थांबते: पूर्वेस अमक्याचा गट, पश्चिमेस ओढा. टेक्सासच्या प्लॅटवर मात्र हद्दीच्या प्रत्येक रेषेला दिशा आणि अंतर द्यावंच लागतं, आणि प्रत्येक कोपऱ्यावर काय सापडलं किंवा काय ठोकलं, तेही.

याला कारण आहे. अमेरिकेत १७८५च्या अध्यादेशापासून सरकारी जमिनीचे सहा-सहा मैलांचे चौरस पाडायला सुरुवात झाली, त्यांचे पुढे छत्तीस भाग, एकेक भाग ६४० एकरांचा. टेक्सास १८४५ मध्ये संघराज्यात आलं ते आपली सरकारी जमीन स्वतःकडे ठेवून, त्यामुळे ती चौकट तिथे आलीच नाही. तिथली हद्द शब्दांत लिहिली जाते: या लोखंडी सळईपासून सुरू करा, या दिशेने इतके फूट जा, तिथून वळा, आणि शेवटी सुरुवातीच्या जागी परत या. जुन्या कागदांत अंतर 'वारा' या स्पॅनिश मापात असतं. छत्तीस वारा म्हणजे शंभर फूट. म्हणजे मुळात ते चालण्याचं वर्णन आहे. नकाशा त्याचं चित्र. ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की पुढचं बरंच सोपं जातं.

चार अक्षरं आणि नव्वद अंश

डिप्लोमाच्या प्रात्यक्षिकात प्रिझमॅटिक कंपास हाताळलेला आठवतो ना? तिथे होल सर्कल बेअरिंग आणि रिड्यूस्ड बेअरिंग असे दोन प्रकार शिकवले होते. पहिल्यात उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे शून्य ते तीनशे साठ. अमेरिकेत त्याला अ‍ॅझिमथ म्हणतात. प्लॅटवर चालतो तो दुसरा प्रकार. आधी उत्तर किंवा दक्षिण, मग शून्य ते नव्वदमधला कोन, मग पूर्व किंवा पश्चिम. कोन कायम उत्तर-दक्षिण रेषेपासून मोजायचा, पूर्व-पश्चिमेपासून कधीच नाही. प्लॅटवर ही अक्षरं रोमन असतात, इथे मी ती एन, एस, ई, डब्ल्यू अशी लिहिते.

एक साधा तुकडा घेऊ. नैर्ऋत्येचा कोपरा अ, तिथून उत्तरेकडे निघायचं आणि घड्याळाच्या दिशेने फिरून परत यायचं.

अ ते ब: एन ०१°००′००″ डब्ल्यू, ३००.०० फूट
ब ते क: एन ८९°००′००″ ई, २००.०० फूट
क ते ड: एस ०१°००′००″ ई, ३००.०० फूट
ड ते अ: एस ८९°००′००″ डब्ल्यू, २००.०० फूट

साठ हजार चौरस फूट, आपल्या भाषेत पंचावन्न गुंठे. चारही कोपरे काटकोनात आहेत आणि चारही रेषा वेगवेगळ्या चतुर्थांशात, म्हणून शिकवायला हा तुकडा मला आवडतो. अ‍ॅझिमथमध्ये याच दिशा ३५९, ८९, १७९ आणि २६९ अंश. रूपांतर तोंडपाठ हवं: नव्वदपर्यंत कोन आहे तोच, एन-ई. नव्वद ते एकशेऐंशी असेल तर एकशेऐंशीतून वजा करा, एस-ई. एकशेऐंशी ते दोनशे सत्तर असेल तर त्यातून एकशेऐंशी काढा, एस-डब्ल्यू. त्यापुढे तीनशे साठमधून वजा, एन-डब्ल्यू. संगणक हे करतो हे खरं, पण स्वतःला येत नसेल तर संगणकाने चुकीच्या रेषेची दिशा दिली तरी कळणार नाही.

आता पहिल्या रेषेतल्या डब्ल्यूच्या जागी ई लिहून बघा. आकडे सगळे बरोबर, एक अक्षर चुकलेलं. ब हा कोपरा साडेदहा फूट पूर्वेला सरकतो आणि आकृती बंद होत नाही. आमच्या गावाकडे वीतभर बांध कोरला तर दोन पिढ्या बोलत नाहीत, मग साडेदहा फुटांचं काय सांगावं!

रेषेला सुरुवात आणि शेवट असतो

नव्या माणसाला ही गोष्ट सगळ्यात उशिरा उमगते. कागदावर रेषा ही नुसती रेषा दिसते. पण दिशा लिहिली की तिला चालण्याचा रोख मिळतो. अ ते ब म्हणजे एन ०१ डब्ल्यू. तीच रेषा ब ते अ चालली की एस ०१ ई. दोन्ही अक्षरं उलटतात, कोन तोच राहतो. एकच अक्षर उलटलं तर ती निराळीच रेषा झाली.

मग प्लॅटवर कुठली लिहायची? बाहेरच्या हद्दीला माझा नियम सरळ आहे: लेखी वर्णन ज्या रोखाने फिरतं त्याच रोखाने. बहुतेक वर्णनं घड्याळाच्या दिशेने जातात, पण गृहीत धरू नका, वर्णन उघडून वाचा. टायटल कंपनीचा, म्हणजे जमिनीच्या मालकीहक्काचे कागद तपासणाऱ्या कंपनीचा माणूस एका हातात वर्णन आणि दुसऱ्या हातात प्लॅट घेऊन ओळीने खूण करत जातो. वर्णनात एस ०१ ई आणि प्लॅटवर एन ०१ डब्ल्यू असेल तर गणिताने ते चूक नाही, पण तो थांबतो आणि विचारतो, आणि विचारण्यात चार दिवस जातात.

आतल्या, म्हणजे दोन लॉटांमधल्या (पाडलेल्या भूखंडांमधल्या) रेषांना वेगळा विचार लागतो. ती रेषा पाच नंबरच्या लॉटला पूर्वेची, सहा नंबरच्याला पश्चिमेची. एकाच्या फेरीत ती वर जाते, दुसऱ्याच्या फेरीत खाली. तिथे सगळ्या समांतर रेषांना एकाच रोखाने लिहा, म्हणजे सगळ्यांवर एकच दिशा दिसते आणि त्या समांतर आहेत हे वाचणाऱ्याला न मोजता कळतं. अर्ध्या रेषा एन-डब्ल्यू आणि अर्ध्या एस-ई लिहिलेला प्लॅट बरोबर असूनही वाचणाऱ्याचा जीव खातो.

ऑटोकॅडवरच चालणाऱ्या सिव्हिल थ्रीडी या सॉफ्टवेअरमध्ये लेबल, म्हणजे रेषेवर आपोआप उमटणारा दिशा-अंतराचा मजकूर, दिशा घेतं ती रेषा कशी काढली त्यावरून, पहिल्या टिचकीपासून दुसऱ्या टिचकीकडे. ती बदलायला 'रिव्हर्स लेबल'. 'फ्लिप लेबल' हे वेगळं काम आहे: रेषेच्या वरचा मजकूर खाली आणि खालचा वर नेतं, दिशा तशीच ठेवतं. या दोघांची गल्लत रोज होते. आणि लेबल फोडून साधा मजकूर करून हाताने बदलू नका. फोडलेल्या लेबलचा रेषेशी संबंध तुटतो. उद्या रेषा हलली तरी मजकूर जुनंच बोलत राहतो.

कुठली उत्तर?

प्लॅटच्या टिपांमध्ये 'बेसिस ऑफ बेअरिंग्ज'ची, म्हणजे दिशा कुठल्या उत्तरेपासून मोजल्या हे सांगणारी एक ओळ असते. मी नवीन होते तेव्हा मागच्या प्लॅटवरून ती उचलून चिकटवायचे. आता कामाची फाइल उघडली की सगळ्यात आधी तीच ठरलेली आहे का ते बघते, कारण तिच्याशिवाय बाकी सगळे कोन निराधार आहेत.

उत्तर एक नसते. चुंबकसुईची उत्तर आहे. ती वर्षांगणिक सरकते, म्हणून जुन्या कागदातली दिशा आजच्या सुईने शोधता येत नाही. खरी, ध्रुवाकडची उत्तर आहे. आणि राज्याच्या कोऑर्डिनेट पद्धतीतली ग्रिडची, म्हणजे नकाशावर आखलेल्या चौकटीच्या उभ्या रेषांची उत्तर आहे. टेक्सास इतकं आडवं-उभं पसरलं आहे की त्याचे पाच पट्टे केले आहेत. डॅलस येतं नॉर्थ सेंट्रल पट्ट्यात. त्या पट्ट्याची मधली रेखा ९८ अंश ३० मिनिटं पश्चिमेवर, आणि डॅलस तिच्या बऱ्यापैकी पूर्वेला. त्यामुळे तिथे ग्रिडची उत्तर आणि खरी उत्तर यांत साधारण ५५ मिनिटांचं अंतर पडतं. हजार फुटांच्या रेषेच्या टोकाला ते सोळा फूट होतं.

जाता जाता: स्केल फॅक्टर (ग्रिडवरचं आणि जमिनीवरचं अंतर यांतलं गुणोत्तर) लावून ग्रिडची अंतरं जमिनीवरची केली तरी दिशा बदलत नाही. अंतरं बदलली म्हणून कोनांना हात लावू नका.

जुन्या कागदातल्या दिशा नव्या आधारावर आणायच्या असतात तेव्हा सगळी आकृती एकाच कोनातून फिरवायची असते. इथे मी एकदा जबर चुकले आहे. जुन्या वर्णनात एक रेषा होती, एन ००°२०′००″ ई, ६४० फूट. सगळं ५५ मिनिटांनी पश्चिमेकडे फिरवायचं होतं. वीस आणि पंचावन्न यांतला फरक पस्तीस, म्हणून मी एन ००°३५′००″ ई लिहिलं आणि पुढे गेले. पण वीस मिनिटांतून पंचावन्न काढली की रेषा उत्तर ओलांडून पलीकडे जाते. बरोबर उत्तर एन ००°३५′००″ डब्ल्यू. मी लिहिलेल्या दिशेने चाललं तर टोक तेरा फूट शेजाऱ्याच्या अंगणात. मूळ रेषा फाइलमध्ये बरोबरच फिरली होती. मजकूर मी हाताने लिहिला होता. तिकडच्या सर्व्हेयरने सही करण्याआधी पकडलं आणि दोन ओळींचा निरोप पाठवला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हापासूनचा नियम: रेषा उत्तर-दक्षिण किंवा पूर्व-पश्चिमेच्या एका अंशाच्या आत असेल तर ती फिरवताना अ‍ॅझिमथमध्ये बदला, तिथे बेरीज-वजाबाकी करा, मग परत आणा. २०′ म्हणजे ०°२०′. त्यातून ५५′ काढले की ३५९°२५′. मग चूक व्हायला जागाच राहत नाही.

नोंदलेलं आणि मोजलेलं

दस्तऐवजात एक दिशा असते आणि जमिनीवर खुणा शोधून मोजली की दुसरी येते. जुनं खोडून नवं लिहिण्याचा हक्क आपल्याला नाही. तिकडच्या टायटल कंपन्यांच्या आणि सर्व्हेयरांच्या संघटनांनी मिळून ठरवलेल्या आल्टा-एनएसपीएस मानकातही हेच आहे: मोजलेलं माप नोंदीपेक्षा लक्षात घेण्याइतकं वेगळं असेल तर दोन्ही दाखवा, आणि कुठलं कुठलं ते ओळखू येईल असं दाखवा. दिशांचा आधार नोंदीतल्या आधाराहून वेगळा असेल तर त्यांतला फरकही लिहा. काही कार्यालयं नोंद कंसात देतात, काही शेवटी आर (रेकॉर्ड, नोंदलेलं) आणि एम (मेझर्ड, मोजलेलं) लावतात. पद्धत कुठलीही चालेल, पण खुणांच्या यादीत तिचा अर्थ लिहिलेला हवा. मला कंस आवडतो. दाटीच्या नकाशात तो लगेच डोळ्यात भरतो.

फरक 'लक्षात घेण्याइतका' आहे की नाही हे आपण ठरवायचं नसतं. ते तिकडे शिक्का मारणाऱ्या सर्व्हेयरचं काम. आपण विचारायचं.

शून्यं, मिनिटं, सेकंद

ही बारीक कामं आहेत, पटकन सांगते. अंश, मिनिटं, सेकंद तिन्ही नेहमी दोन-दोन आकड्यांत: ०१°०५′०९″, १°५′९″ नव्हे. एकसारख्या रुंदीमुळे गळलेला आकडा लगेच दिसतो. पूर्णांकात आणताना ५९.७ सेकंदांचे ६० करून थांबू नका. ४४°५९′६०″ असं काही नसतं, ते ४५°००′००″. अंशाचं चिन्ह ऑटोकॅडमध्ये दोनदा टक्क्याचं चिन्ह आणि डी टाइप केलं की येतं, पण काही फॉन्टांत त्याच्या जागी प्रश्नचिन्ह उमटतं. पीडीएफ उघडून बघा. आणि फाइलची कोनाची एककं आधीच सर्व्हेयर पद्धतीवर ठेवा, नाहीतर ऑटोकॅड मुळातल्या सवयीने पूर्वेपासून, घड्याळाच्या उलट मोजतं.

सेकंदांचा अर्थ मात्र समजून घ्या. एक मैलाच्या रेषेच्या टोकाला एक सेकंद म्हणजे फुटाचे सुमारे अडीच शतांश. शंभर फुटांवर तर ते दिसणारही नाही. उलट वीस फुटांच्या रेषेचं टोक दोन शतांश फूट इकडेतिकडे झालं तर दिशा साडेतीन मिनिटांनी बदलते. म्हणून एकाच सरळ हद्दीचे पाच लहान तुकडे असतील आणि प्रत्येकावर वेगळी दिशा दिसत असेल, तर थांबा. बहुतेक वेळा ती एकच रेषा असते, आणि पाच दिशा या मोजणीतल्या बारीक हालचाली असतात. सर्व्हेयरला विचारा आणि तो म्हणाला तर पाचही तुकड्यांना एकच दिशा द्या.

कागदावर कुठे बसवायचं

दिशा रेषेच्या वर, अंतर खाली, मजकूर रेषेला समांतर. कागदाच्या खालच्या किंवा उजव्या कडेकडून वाचता आलं पाहिजे; मान उलटी करून वाचावं लागेल असं काही नको. लेबल दुसऱ्या रेषेवरून ओलांडू नका, आणि शेजारच्या मालकाच्या बाजूला फार आत जाऊ देऊ नका, तिथे त्याचं नाव आणि दस्ताचा क्रमांक येतो. जागा कमी असेल तर एल-१, एल-२ असे क्रमांक देऊन तक्ता करा, पण तक्ता हा शेवटचा उपाय. वाचणाऱ्याची नजर रेषेवरून तक्त्यावर आणि परत जाते, त्यात ओळ चुकते. लांब, मुख्य रेषांवरचा मजकूर रेषेवरच ठेवा, तक्त्यात फक्त तुकडे ढकला. तक्त्यातली दिशाही त्याच फेरीच्या रोखाची हवी.

वळण आलं तर

वर्तुळाकार हद्दीला एक दिशा नसते, म्हणून जीवेची, म्हणजे कमानीची दोन टोकं जोडणाऱ्या सरळ रेषेची दिशा देतात. आपल्या तुकड्याचा ब हा कोपरा रस्त्याच्या वळणावर आहे आणि २५ फूट त्रिज्येने गोल केला आहे असं धरा. मग अ पासूनची रेषा ३०० ऐवजी २७५ फूट, पुढची २०० ऐवजी १७५. मधल्या कमानीला लिहायचं: त्रिज्या २५.००, केंद्रकोन ९०°००′००″, कमानीची लांबी ३९.२७, जीवेची दिशा एन ४४°००′००″ ई, जीवा ३५.३६. ही दिशा मनातही काढता येते: ज्या रेषेने आलो ती ३५९ अंश, उजवीकडे वळलो, निम्मा केंद्रकोन ४५ मिळवला, ४४.

हा हिशेब चालतो तो रेषा कमानीला स्पर्शिका असेल तरच. नसेल तर वर्णनात तसं स्पष्ट लिहावं लागतं आणि जीवेची दिशा दिल्याशिवाय कमान कुठे वळते ते कळतच नाही. म्हणून मी ती प्रत्येक कमानीला देते, स्पर्शिका असो वा नसो.

पाठवण्याआधी

सिव्हिल थ्रीडीमध्ये आकृती बंद होते का ते तपासणारं मॅपचेक आहे, आणि ते लेबलांवरून चालवता येतं. तेच करा. रेषांवरून तपासलं तर आकृती बंद होणारच, ती तुम्हीच बंद काढली आहे. कागदावर जे लिहिलं आहे ते बंद होतं का, हा प्रश्न आहे. आकडे पूर्णांकात आणल्यामुळे एक-दोन शतांश फुटांचा फरक राहील, तो चालतो. फुटांचा फरक आला तर एक अक्षर उलटलेलं शोधा. एखाद्या रेषेच्या दुप्पट लांबीइतका आला तर त्या रेषेची दोन्ही अक्षरं उलटी पडली आहेत. वरच्या तुकड्यात क ते ड चुकून एन ०१ डब्ल्यू गेलं तर बरोबर सहाशे फुटांचा फरक येतो.

मग प्लॅट छापा. पडद्यावर नाही, कागदावर. शेजारच्याच्या हातात वर्णन द्या आणि सुरुवातीच्या खुणेवर बोट ठेवा. तो मोठ्याने वाचेल, "नॉर्थ, एक डिग्री, वेस्ट, तीनशे फूट," आणि तुमचं बोट त्या रेषेवरून त्या रोखाने सरकेल. बोट आणि आवाज वेगळे झाले की तिथेच थांबा आणि लाल पेन्सिल उचला. बोट फिरून पहिल्या खुणेवर परत आलं की पीडीएफ पाठवा.